व्यवसायासाठी टॅबलेट निवडताना: आधी अडेल काम शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात-आठ माणसांचा व्यवसाय. त्यातले चौघे दिवसभर ग्राहकांकडे फिरतात, जागेची मापं घेतात, फोटो काढतात, कोटेशन देतात आणि काम झाल्यावर ग्राहकाची सही घेतात. बाकीचे कार्यालयात बसून हिशेब, एक्सेलच्या फाइली आणि पत्रव्यवहार सांभाळतात. जुने लॅपटॉप बदलायला आलेत. त्यांच्या जागी सगळ्यांना टॅबलेट द्यावेत का? आयपॅड, अँड्रॉइड की विंडोज? पडदा केवढा, मेमरी किती, सिमचा घ्यावा की नुसता वाय-फायचा? आणि वापरलेले टॅबलेट घेतले तर चालतील का?

आधी थेट उत्तर देतो. फिरणाऱ्या चौघांना टॅबलेट द्या, कार्यालयात बसणाऱ्यांना देऊ नका. दोन्ही गटांची कामं इतकी वेगळी आहेत की एकच यंत्र सगळ्यांना दिलं तर एका गटाची नक्की अडचण होते, आणि बहुतेक वेळा ती हिशेब सांभाळणाऱ्यांची होते. उभ्याउभ्या, एका हातात धरून, समोरच्याला दाखवत, मधेच फोटो काढत जे काम चालतं ते टॅबलेटवर लॅपटॉपपेक्षा खरोखर चांगलं होतं. तीन-चार फाइली शेजारी उघडून, आकडे भरून, इकडचं तिकडे नेऊन जे काम चालतं त्याला मोठा पडदा, पूर्ण कीबोर्ड आणि माउस लागतो. टॅबलेटला हे सगळं जोडता येतं, पण जोडून झाल्यावर टेबलावर एक लॅपटॉपच तयार झालेला असतो, तोही सुट्या तुकड्यांचा आणि बहुधा जास्त खर्चाचा.

टॅबलेट कुठे खरा उपयोगी पडतो याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण विमानांतलं आहे. वैमानिक पूर्वी नकाशे आणि नियमपुस्तिकांची जाडजूड बॅग घेऊन चढायचे; तिचं वजन पंधरा किलोंच्या वर जायचं. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत कॉकपिटमध्ये आयपॅड वापरायची परवानगी मिळाली आणि ती बॅग हळूहळू गेली. इथे टॅबलेटने संगणकाची जागा घेतली नाही, कागदांच्या गठ्ठ्याची घेतली. तुमच्या फिरणाऱ्या माणसांच्या हातातसुद्धा आज फॉर्म, दरपत्रक आणि वही असणार. ते टॅबलेटमध्ये जाऊ शकतं. कार्यालयातली एक्सेलची फाइल तितक्या सहज जात नाही.

आता निवडीकडे. दुकानात गेलं की प्रोसेसर, मेगापिक्सेल आणि जाडी यांचीच चर्चा होते. मी मात्र आठवडाभरात होणाऱ्या कामांची यादी करायला सांगतो आणि तिच्यातून एक काम शोधतो. त्याला मी अडेल काम म्हणतो. एका विशिष्ट प्रणालीवरच (आयपॅड, अँड्रॉइड किंवा विंडोज) होणारं, किंवा एखादं ठरावीक यंत्र जोडल्याशिवाय न होणारं काम. ईमेल, नकाशा, पीडीएफ, व्हिडिओ कॉल हे कुठल्याही बऱ्या टॅबलेटवर होतं, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. ठरतं ते त्या अडेल कामावरून. ते सापडलं की तिन्ही प्रणालींपैकी एक-दोन आपोआप बाद होतात आणि उरलेला विचार सोपा होतो.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं अडेल काम म्हणजे मॅक्रो (फाइलमध्येच बसवलेला, ठरलेली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) असलेली एक्सेल फाइल. अनेक व्यवसायांचं कोटेशन अशाच एका फाइलवर चालतं. कुणीतरी पूर्वी बनवलेली असते, बटण दाबलं की दर लागू होतात, कर मिळवला जातो आणि छापायची प्रत तयार होते. ही फाइल आयपॅडवर किंवा अँड्रॉइडवर उघडते, आकडे दिसतात, रकाने बदलता येतात. म्हणून सगळ्यांना वाटतं की जमलं. पण तिथल्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत, आणि हे ग्राहकासमोर बटण दाबल्यावर कळतं. तुमची फाइल अशी असेल तर दोनच मार्ग आहेत: विंडोजचा टॅबलेट घ्या, किंवा कोटेशनचं काम एखाद्या ॲपवर वा वेबवर चालणाऱ्या प्रणालीवर हलवा. माझं मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. ती फाइल बनवणारा माणूस कधीतरी सोडून जातो आणि मग तिला हात लावायला कुणी धजत नाही. तरी हे स्थलांतर टॅबलेट घेण्याआधी पूर्ण करा. नंतर करू म्हटलं की टॅबलेट पिशवीत राहतात आणि काम जुन्या लॅपटॉपवरच चालू राहतं.

ऑफिसबद्दल आणखी एक गोष्ट खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. मायक्रोसॉफ्टच्या मोबाइल ॲपमध्ये १०.१ इंचांपेक्षा मोठ्या पडद्यावर फाइलमध्ये बदल करायचे असतील तर सशुल्क वर्गणी लागते, आणि व्यवसायासाठी वापरायचं असेल तर पडदा लहान असला तरी व्यावसायिक परवाना असावा लागतो. खर्चाच्या हिशेबात हा धरा.

दुसरं अडेल काम म्हणजे जोडायची यंत्रं. पावती छापणारा छोटा थर्मल प्रिंटर, बारकोड स्कॅनर, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, लेझरचा मोजमापक. यातलं प्रत्येक वेगळ्या तऱ्हेने वागतं.

ब्लूटूथचे साधे थर्मल प्रिंटर अँड्रॉइडला बहुधा सहज जोडले जातात. आयपॅडला जोडायचे असतील तर साध्या ब्लूटूथच्या प्रिंटरला ॲपलचं प्रमाणपत्र लागतं, आणि सगळ्या प्रिंटरना ते नसतं. कार्यालयातला वाय-फाय प्रिंटर आयपॅडवरून वापरायचा तर तो एअरप्रिंट (ॲपलची बिनतारी छपाईची पद्धत) जाणणारा हवा. बारकोड स्कॅनर बहुतेक वेळा टॅबलेटला आपण कीबोर्ड आहोत असं सांगतो. त्यामुळे तो कुठेही चालतो, पण जोडल्याजोडल्या पडद्यावरचा कीबोर्ड गायब होतो आणि हाताने काही लिहायचं म्हटलं की माणूस गोंधळतो. चांगल्या स्कॅनरवर तो कीबोर्ड परत आणायचं बटण असतं. घेताना तेवढं विचारा. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनला मात्र त्याचा ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम) लागतो आणि तो बहुधा विंडोजसाठीच असतो. ते काम कार्यालयातल्या संगणकावर राहू द्या.

मापांचा प्रश्न तुमच्या कामात महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. २०२० पासूनच्या आयपॅड प्रोमध्ये लायडार संवेदक आहे, म्हणजे प्रकाशाने अंतर मोजणारा भाग. तो खोलीच्या लांबी-रुंदीचा अंदाज पटकन देतो, भिंतींचा आराखडाही उभा करतो. प्राथमिक कोटेशनला तो पुरतो. पण ज्या मापावर लाकूड, काच किंवा दगड कापला जाणार आहे ते माप त्यावरून घेऊ नका. तिथे काही मिलिमीटरचा फरकही महागात पडतो. त्यासाठी ब्लूटूथवाला लेझर मोजमापक घ्या, जो माप थेट टॅबलेटवरच्या आराखड्यात पाठवतो. तो ज्या ॲपला जोडला जातो ते ॲप तुमच्या निवडलेल्या प्रणालीवर आहे का हे आधी बघा. असा मोजमापक असेल तर प्रो घ्यायचं एक मोठं कारण संपतं आणि साधा आयपॅड किंवा मधल्या दर्जाचा अँड्रॉइड पुरतो.

विंडोजच्या टॅबलेटचा विचार करत असाल तर आत कोणती चिप आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नका. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये सरफेस आरटी आणला तेव्हा तो विंडोजसारखा दिसायचा, पण एआरएम चिपमुळे (फोनमध्ये असते त्या प्रकारची चिप) नेहमीचे विंडोज प्रोग्राम त्यावर बसवताच येत नव्हते. लोकांनी विंडोज समजून घेतला आणि निराश झाले. पुढच्याच वर्षी कंपनीला त्या साठ्यापोटी ९० कोटी डॉलर तोट्यात दाखवावे लागले. आजची परिस्थिती पुष्कळ चांगली आहे. २०२४ पासूनच्या स्नॅपड्रॅगन एक्स या एआरएम चिपवरच्या सरफेस प्रोमध्ये जुने प्रोग्राम भाषांतराच्या थरातून (त्यांच्या सूचना या चिपला कळतील अशा बदलून) चालतात आणि बरेच चांगले चालतात, बॅटरीही टिकते. पण ड्रायव्हरचं तसं नाही. प्रिंटर, टोकन, काही व्हीपीएन आणि सुरक्षा प्रोग्राम यांचे ड्रायव्हर खास एआरएमसाठी लिहिलेलेच हवेत. म्हणजे तुमचं अडेल काम एखाद्या जुन्या यंत्रामुळे असेल तर इंटेल किंवा एएमडीची चिप असलेला टॅबलेट घ्या, नुसत्या प्रोग्राममुळे असेल तर एआरएमवर आधी चालवून बघा.

अडेल काम तसं काहीच नसेल, तर फिरणाऱ्या माणसांसाठी मी विंडोज सुचवत नाही. बोटाने वापरायला ती प्रणाली अजूनही अवघड आहे. बटणं लहान, मेनू बारीक, आणि नको त्या वेळी अपडेट.

आयपॅड आणि अँड्रॉइड यांच्यात माझी निवड कामाच्या जागेवरून ठरते. माणसं ग्राहकाच्या बैठकीत बसून, स्वच्छ जागेत काम करत असतील तर आयपॅड. ॲप चांगली मिळतात, यंत्र दीर्घकाळ चालतं, बिघडण्याचं प्रमाण कमी. धूळ, पाऊस, शिडी, हातमोजे यांचा संबंध येत असेल तर मजबूत बांधणीचा अँड्रॉइड. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब अ‍ॅक्टिव्ह ५ या प्रकारातला आहे: आठ इंची, धूळ-पाण्यापासून बचावाचा आयपी६८ दर्जा, सोबत पेन, आणि मुख्य म्हणजे मागचं झाकण काढून बॅटरी बदलता येते. दिवसभर बाहेर राहणाऱ्याच्या खिशात दुसरी बॅटरी असली की चार्जरची चिंता उरत नाही.

मजबुतीच्या जाहिराती मात्र समजून वाचा. आयपी६८ मधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याची चाचणी स्वच्छ, साध्या पाण्यात होते. साबणाचं पाणी, रसायनं, जोराचा फवारा यांची हमी त्यात नाही. एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकी लष्करी मानक म्हणजे चाचण्यांचा संग्रह आहे. कोणत्या चाचण्या करायच्या हे उत्पादक ठरवतो आणि प्रमाणपत्र देणारी कुठलीही लष्करी संस्था त्यामागे नसते. म्हणून नुसतं मानकाचं नाव वाचून थांबू नका. किती उंचीवरून पाडून बघितला, तेव्हा कव्हर होतं की नव्हतं, हे माहितीपत्रकात शोधा. साधा आयपॅड चांगल्या जाड कव्हरात घातला की बहुतेकांची मजबुतीची गरज भागते, हेही खरं.

पडद्याच्या आकाराबद्दल लोक इंचांत बोलतात, पण इंच हे कर्णाचं माप आहे आणि कर्णावरून कागद किती मोठा दिसेल हे कळत नाही. तुमचं कोटेशन, आराखडा, करारपत्र हे सगळं ए-४ वर असतं. ए-४ ची लांबी रुंदीच्या १.४१ पट. अकरा इंची आयपॅडचा पडदा सुमारे १.४३ पट, म्हणजे जवळजवळ त्याच घडणीचा. त्यामुळे पूर्ण पान पडदा भरून दिसतं, मूळ आकाराच्या सुमारे ७५ टक्के. अँड्रॉइडचे बहुतेक टॅबलेट १६:१० प्रमाणाचे, लांबट असतात. तितक्याच अकरा इंचांत पान ७० टक्के दिसतं आणि वर-खाली जागा रिकामी राहते. १३ इंची आयपॅडवर ते ८९ टक्के होतं, १३ इंची सरफेसवर साधारण ८७. आणि आठ इंची लांबट टॅबलेटवर जेमतेम अर्धं. १० पॉइंटमध्ये छापलेल्या अटी तिथे ५ पॉइंटच्या दिसतात. ग्राहक सही करण्यापूर्वी ते वाचणार आहे, आणि त्याला चष्मा असेल तर प्रत्येक ओळ बोटांनी मोठी करून बघावी लागेल. ज्याला वाचताच येत नाही त्यावर सही करायला माणूस कचरतो, आणि ते योग्यच आहे.

म्हणून पूर्ण पानांचे कागद दाखवायचे, आराखड्यावर खुणा करायच्या, तर अकरा इंच ही माझी खालची मर्यादा. नुसता फॉर्म भरायचा, स्कॅन करायचं, फोटो काढायचे, तर आठ इंच उत्तम. तो एका हातात मावतो आणि दिवसाच्या शेवटी मनगट दुखत नाही. १३ इंच मी फिरणाऱ्यांना देत नाही. कव्हरासकट तो उभ्याने एका हातात फार वेळ धरवत नाही, मग माणूस तो गाडीतच ठेवून आत जातो. आठ इंचच घ्यायचा ठरला तर ग्राहकाला वाचायला देण्याची प्रत मोठ्या अक्षरांत, लहान पानावर वेगळी तयार करा. एवढ्या एका बदलाने तक्रारी थांबतात.

उन्हात वापर आहे का? कार्यालयात ४०० ते ५०० निट्सचा (पडद्याच्या उजेडाचं एकक) उजेड भरपूर होतो. बाहेर त्याच पडद्यात आपलाच चेहरा दिसतो. सगळ्यात साध्या आयपॅडच्या पडद्यावर परावर्तन कमी करणारा लेप नाही, आयपॅड एअर आणि प्रोवर आहे. उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी हा फरक प्रोसेसरपेक्षा मोठा आहे. उष्णतेचंही तसंच. ॲपलने आयपॅड वापरायचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस दिलं आहे. त्यापुढे पडदा मंद होतो, चार्जिंग थांबतं, आणि फारच तापला तर यंत्र थंड होईपर्यंत वापरता येत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर टॅबलेट ठेवायचा नाही, हा नियम चौघांनाही पहिल्या दिवशी सांगा.

कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजत बसू नका, फ्लॅश आहे का ते बघा. साध्या आयपॅडला आणि एअरलाही मागे फ्लॅश नाही, प्रोला आहे. अँड्रॉइडमध्ये मॉडेलनुसार बदलतं. माळ्यावरचं, ओट्याखालचं, भिंतीमागचं काम दाखवायचं असेल आणि फ्लॅश नसेल तर माणूस फोटो स्वतःच्या फोनवर काढतो. मग ग्राहकाच्या घरातले फोटो कर्मचाऱ्याच्या खासगी फोनमध्ये राहतात. ते टाळायलाच हवं.

सिमचा की वाय-फायचा? फिरणाऱ्यांना सिमचाच द्या. फोनवरून हॉटस्पॉट देता येतो, पण रोजच्या कामात ती कटकट ठरते: फोनची बॅटरी संपते, जोडणी तुटते, आणि कोटेशन पाठवायचं राहून जातं. दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएसच नसतं. ते फक्त सिमच्या मॉडेलमध्ये असतं. फोटोबरोबर जागेची अचूक नोंद हवी असेल, दिशा दाखवणारा नकाशा हवा असेल, तर निवड इथेच संपते. अलीकडच्या आयपॅडमध्ये भौतिक सिमसाठी खाच नाही, फक्त ई-सिम चालतं. तुमची दूरसंचार कंपनी टॅबलेटला ई-सिम देते का हे आधी विचारा.

नेटवर्क असलं तरी त्यावर विसंबून राहू नका. तळघरात, लिफ्टशेजारी, बांधकामाच्या जागी ते नसतंच. ॲप निवडताना टॅबलेट विमान मोडवर टाका, पूर्ण कोटेशन बनवा, फोटो जोडा, सही घ्या, ॲप बंद करून पुन्हा उघडा. सगळं जागेवर असेल तरच ते ॲप घ्या. विक्रेत्याने तोंडी दिलेलं आश्वासन इथे उपयोगाचं नाही. आणि टॅबलेटच चालला नाही तर काय, याची तयारी ठेवा. त्याच अमेरिकन एअरलाइन्सची काही डझन उड्डाणं एप्रिल २०१५ मध्ये उशिरा गेली, कारण वैमानिकांच्या आयपॅडवरचं नकाशांचं ॲप बंद पडत होतं. यंत्रं धड होती, दोष ॲपमधल्या माहितीत होता. तुमच्या माणसांच्या पिशवीत कोटेशनचे चार-पाच छापील कोरे फॉर्म कायम असू द्यात.

पेनचं थोडक्यात. नुसती सही बोटाने होते. आराखड्यावर मापं लिहायची असतील तर पेन हवाच. सॅमसंगच्या एस पेनला लिहिण्यासाठी बॅटरी लागत नाही. ॲपल पेन्सिलला चार्ज लागतो, आणि तिचे वेगवेगळे प्रकार असल्याने कोणती कोणत्या आयपॅडला चालते हे तपासून घ्यावं लागतं. सहीबाबत महत्त्वाचं वेगळंच आहे. सहीचं नुसतं चित्र वादाच्या वेळी कमी पडू शकतं. सही कधी झाली, कुठे झाली, कोणत्या मजकुरावर झाली ही नोंद ठेवणारं, आणि सहीनंतर पीडीएफ बदलता न येण्यासारखी बंद करणारं ॲप घ्या. ग्राहकाला तिची प्रत त्याच क्षणी ईमेलने जाऊ द्या.

प्रोसेसर आणि मेमरीवर मी मुद्दाम कमी लिहितो आहे. या कामांना आजचा कुठलाही मधल्या दर्जाचा प्रोसेसर पुरतो. अँड्रॉइडमध्ये ४ जीबी रॅम घेऊ नका, ६ किंवा ८ घ्या. विंडोजवर १६. साठवण १२८ जीबी पुरे, फोटो रोज क्लाउडवर जात असतील तर. अगदी स्वस्त टॅबलेटमधली साठवण ईएमएमसी प्रकारची असते आणि ती हळू असते. पहिले काही महिने जाणवत नाही, मग प्रत्येक ॲप उघडायला वाट बघावी लागते. यूएफएस (त्याहून वेगवान साठवण) लिहिलेला घ्या.

त्याऐवजी हा प्रश्न विचारा: सुरक्षेचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील? सॅमसंगने टॅब एस १० मालिकेसाठी सात वर्षांचं आश्वासन दिलं आहे. ॲपलचा २०१५ चा पहिला आयपॅड प्रो २०२२ मध्ये आलेल्या आयपॅडओएस १६ पर्यंत चालला. अनेक स्वस्त अँड्रॉइड टॅबलेटना मात्र दोन-तीन वर्षांनंतर काहीच मिळत नाही. ग्राहकांचे पत्ते, घरांचे फोटो आणि सह्या ज्या यंत्रात आहेत ते अपडेट नसताना वापरणं हा मी न पत्करण्याचा धोका मानतो. किंमत अपडेटच्या उरलेल्या वर्षांनी भागून बघा; स्वस्त टॅबलेट बऱ्याचदा महाग निघतो.

आता ज्या गोष्टीकडे लहान व्यवसाय सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात ती. टॅबलेट कोणाच्या खात्यावर सुरू करायचा? घाईत असं होतं की कर्मचारी डबा उघडतो आणि स्वतःचंच ॲपल किंवा गूगल खातं घालतो. काही महिन्यांनी तो नोकरी सोडतो, टॅबलेट परत देतो, तुम्ही तो पुसून दुसऱ्याला द्यायला जाता, आणि पडद्यावर त्याच्याच खात्याचा पासवर्ड मागितला जातो. ॲपलमध्ये याला ॲक्टिव्हेशन लॉक म्हणतात, अँड्रॉइडमध्येही तसंच संरक्षण आहे. ते चोरीविरुद्ध आहे आणि चांगलंच आहे, पण तुमच्याच यंत्रातून तुम्हाला बाहेर ठेवतं.

उपाय खरेदीच्या वेळीच करायचा असतो. ॲपल बिझनेस मॅनेजर, अँड्रॉइडचं झिरो-टच आणि विंडोजचं ऑटोपायलट या तिन्ही नोंदणी-सेवांत यंत्र कंपनीच्या नावावर आधीच नोंदलेलं असतं. कुणीही चालू केलं, पुसून पुन्हा चालू केलं, तरी ते व्यवसायाच्या ताब्यात राहतं. झिरो-टचसाठी यंत्र अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावं लागतं. आयपॅड नंतर हाताने नोंदवता येतो, पण मग पहिले ३० दिवस वापरणाऱ्याला तो त्या नोंदणीतून बाहेर काढता येतो. म्हणून ऑर्डर देण्याआधीच विक्रेत्याला सांगा की ही यंत्रं आमच्या व्यवसायाच्या खात्यात नोंदवून द्या. चारच यंत्रं आहेत, एवढं कशाला, असं वाटेल. चारांपैकी एक जरी रिक्षात किंवा बसमध्ये राहिलं तर ते लांबून पुसता यायला हवं, आणि हे याच व्यवस्थेतून सगळ्यात खात्रीने होतं.

एक टॅबलेट दोघांत वापरायचा विचार असेल तर लक्षात घ्या: अँड्रॉइडच्या बऱ्याच टॅबलेटवर आणि विंडोजवर प्रत्येकाचं वेगळं खातं करता येतं, आयपॅडवर मात्र व्यवस्थापन प्रणालीशिवाय ते होत नाही. अँड्रॉइडच्या वर्क प्रोफाइलमुळे खासगी आणि कामाची ॲप वेगळी राहतात, तीही चांगली सोय आहे.

बॅटरीबद्दल एवढंच की टॅबलेट कायम चार्जरला लावून ठेवू नका. सतत १०० टक्क्यांवर आणि गरम राहिलेली लिथियम बॅटरी लवकर थकते, कधी फुगून पडदा उचलते. काउंटरवर कायमचा बसवायचा असेल तर चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असलेलाच निवडा.

तुमच्या माहितीवरून माझी शिफारस अशी: मॅक्रोची फाइल नसेल किंवा ती ॲपवर हलवली असेल, तर चौघांना अकरा इंची, सिमचा साधा आयपॅड, जाड कव्हर आणि ब्लूटूथ लेझर मोजमापक. अंधाऱ्या जागी फोटो रोज लागत असतील, किंवा धूळ-पावसातलं काम असेल, तर फ्लॅश असलेला मजबूत अँड्रॉइड. कार्यालयात लॅपटॉपच. आणि चारही एकदम घेऊ नका. एक घ्या आणि तो तंत्राची आवड असलेल्या तरुणाला न देता, ज्याला अशा यंत्रांचा सगळ्यात कंटाळा आहे त्याला द्या. दोन आठवडे खऱ्या ग्राहकांकडे वापरू द्या. तो कुठे अडतो, कुठे कागद काढतो, ते लिहून घ्या. त्याला जमलं की इतर तिघांना शिकवायला फारसं लागत नाही.

राहिला वापरलेल्या टॅबलेटचा प्रश्न. उत्पादकाने स्वतः दुरुस्त करून हमीसकट विकलेले घ्यायला माझी हरकत नाही. बाहेरून घेत असाल तर पैसे देण्याआधी चार गोष्टी समोर करून बघा. यंत्र पूर्ण पुसून पुन्हा चालू करा; जुन्या मालकाचं खातं किंवा एखाद्या कंपनीच्या व्यवस्थापनाचा पडदा आला तर परत द्या. मॉडेल क्रमांकावरून अपडेट किती वर्षं उरलेत ते काढा. विंडोजचा असेल तर त्यावर विंडोज ११ चालतं का ते बघा, कारण विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि २०१७ चा सरफेस प्रो दिसायला चांगला असला तरी अधिकृत यादीत बसत नाही. शेवटी टॅबलेट सपाट टेबलावर पालथा ठेवून कडेने पाहा. तो कुठेही डुगडुगत असेल किंवा पडदा चौकटीपासून सुटल्यासारखा दिसत असेल तर आतली बॅटरी फुगायला लागली असण्याची शक्यता आहे. तो कुठल्याही किमतीला घेऊ नका.